फ्लूच्या लशीवर भरलेली सभा

"अंडे में बनती है, मैडम," मिश्राजींनी आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, कुणीतरी गेल्याची बातमी सांगताहेत.

मिश्राजी म्हणजे एमआर. औषध कंपनीचा माणूस. बॅग घेऊन दवाखान्यात यायचं, नव्या औषधाचं कौतुक करायचं, एक सॅम्पल आणि एक पेन टेबलावर ठेवायचं आणि पुढच्या डॉक्टरकडे जायचं, हा त्यांचा धंदा. त्या दिवशी त्यांनी फ्लूची लस आणली होती. इम्पोर्टेड. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. अशी लस असते हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

"अंड्यात म्हणजे काय?" मी विचारलं.

"मुर्गी के अंडे में वायरस बढ़ाते हैं. फिर उसको मारते हैं, साफ करते हैं. ज़रा-सा अंश रह जाता है. नाममात्र. पर ये आप किसी को मत बताइएगा. इस मोहल्ले में तो बिलकुल नहीं."

मोहल्ला आमचा बनारसमधल्या मंगला गौरी मंदिराजवळचा. खाली माझा दवाखाना, वर घर. चारी बाजूंना मराठी वैदिकांची, शास्त्र्यांची घरं. पिढ्यानपिढ्या बनारसमध्ये राहून मराठीला हिंदीची फोडणी बसली, पण सोवळं तसंच. चातुर्मासात कांद्याचं नाव निघत नाही तिथे अंड्याचं कोण काढणार? फारच गरज पडली तर 'ते' म्हणतात.

मला लस हवी होती ती अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे सासरे. घनपाठी. घनपाठ म्हणजे वेदातले शब्द उलटसुलट गुंफून, न अडखळता, लांबच लांब श्वासात म्हणायचे. हे काम गळ्याचं आहे असं लोकांना वाटतं. ते फुप्फुसाचं आहे. आणि अण्णांची फुप्फुसं दम्याने जुनी झालेली. आदल्या पौषात त्यांना साधा फ्लू झाला. त्याचा न्यूमोनिया झाला. ऑक्सिजन लावावा लागला. माझे सीनियर, छातीचे डॉक्टर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "वृंदा, या वेळी निभावलं. असा आणखी एक ताप आला तर मी शब्द देणार नाही."

त्यानंतर अण्णा बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरले नाहीत. उतरता येत होतं, चढता येत नव्हतं. आता दिवाळी होऊन गेली होती. थंडी दाराशी उभी. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे टोचायची तर लगेच.

मी लशीच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचला. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. होऊ शकतो. पण म्हाताऱ्या, दमेकरी माणसाच्या जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. मला तेवढं पुरे होतं. शिवाय बनारसचा पेशंट नव्या औषधाबद्दल एकच प्रश्न विचारतो: "डॉक्टर साहब, अपने घर में लगवाए हैं?" त्याला कागद दाखवून भागत नाही. म्हणजे आधी घर, मग गिऱ्हाईक.

नवऱ्याला सांगितलं. सुधीर बँकेत. बँकेतल्या माणसाला शांतता प्रिय.

"अण्णांना सांगू नकोस," तो म्हणाला. "ताकदीचं इंजेक्शन म्हण आणि टोच."

"तुमच्या बँकेत खातेदाराची सही न घेता व्यवहार करता का हो?"

"अगं, पण कळलं तर?"

"कळलं तर काय, ते मी बघते. न सांगता मी टोचणार नाही. सासरे असले म्हणून काय झालं, पेशंट आहेत."

संध्याकाळी अण्णांची संध्या झाल्यावर मी वर गेले आणि सगळं सांगितलं. अंड्यासकट. सासूबाई, माई, शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं.

"टोचून घ्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण मी एकट्याने ठरवलं तर उद्या लोक म्हणतील, सुनेसाठी धर्म वाकवला. पाठशाळेतली पोरं माझ्याकडे बघतात. सभा बोलवा."

आमच्याकडे कशावरही सभा भरते. तिथीचा घोळ झाला, सभा. कुणाच्या सोयरसुतकाचं अडलं, सभा. पण इंजेक्शनवर सभा हे मंगला गौरीनेही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

रविवारी दुपारी आमच्या वरच्या दिवाणखान्यात शास्त्रीमंडळी जमली. बाजूच्या खोलीत फ्रिज. लस थंडच ठेवावी लागते. फ्रिजमधून निघाल्यापासून दंडात जाईपर्यंत, कुठेही गरम होता कामा नये. याला कोल्ड चेन म्हणतात. आणि बनारसची वीज म्हणजे काय सांगावं! आली तर आली. म्हणून मी बर्फाचा थर्मास भरून ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने उठून बघत होते. शास्त्र्यांना वाटलं, बाई चहाचं बघतेय.

सभेत दोन माणसं महत्त्वाची. एक नानाशास्त्री. धर्मशास्त्राचे पंडित, आवाज खणखणीत, दमा अण्णांच्याही वरचा, आणि सोवळं इतकं कडक की पावाला बोट लागलं तर आंघोळ. दुसरा मधूगुरुजी. तरुण वैदिक, यज्ञयागासाठी कलकत्त्यापासून नागपूरपर्यंत फिरणारा, जिभेला हाड नसलेला.

"मूळ प्रश्न असा," नानाशास्त्रींनी मांडी ठोकली, "की अंडं लशीत आहे, की लस अंड्यात होती?"

"लस अंड्यात होती," मी म्हटलं. "आता अंड्यातून बाहेर आहे."

"म्हणजे संसर्गदोष. भक्षणदोष नव्हे. आणि भक्षण म्हणजे मुखाने. दंडातून जातं ते भक्षण कसं होईल?"

"असं कसं नाना?" मधूगुरुजी म्हणाला. "मग उद्या कुणी दारू दंडातून घेतली तर चालेल का?"

मंडळी हसली. नानाशास्त्री हसले नाहीत. त्यांनी दारूचा मुद्दा स्वतंत्र म्हणून बाजूला ठेवला आणि त्यावरच पाऊण तास बोलले. मग कुणीतरी विचारलं, कोंबडी कुठली? मी सांगितलं, परदेशी. तर परदेशी कोंबडीला आपलं शास्त्र लागू होतं का, यावर दोन तट पडले. एकाने विचारलं, अंडं फुटतं तेव्हा त्यात जीव असतो का? मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही. जीव माझाही होता, आणि तो मेटाकुटीला आला होता.

अण्णा एका बाजूला तक्क्याला टेकून ऐकत होते. मध्येच खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. माईंनी पाण्याचं भांडं पुढे केलं. खोकला ओसरल्यावर नानाशास्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "आपद्धर्म आहे. जीव राखणं पहिलं. घ्यावी. प्रायश्चित्त करावं म्हणजे झालं."

"प्रायश्चित्त काय?"

"तीन दिवस उपास आणि पहाटे गंगास्नान."

माझं डोकंच फिरलं. "नानाशास्त्री, दमेकरी माणूस, कार्तिकाची पहाट, उपाशीपोटी गंगेत? मग लस कशाला हवी? तसंच घाटावर नेऊन सोडा की!"

सुनेने सभेत इतक्या मोठ्याने बोलायचं नसतं. पण बोलले. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी तडजोड झाली. घरी, बंबाच्या कढत पाण्यात गंगाजळाचे चार थेंब टाकून स्नान. उपासाऐवजी बसून जप. लस एकमताने मंजूर.

"मग आत्ताच टोचा," नानाशास्त्री म्हणाले. "सभेसमक्ष. म्हणजे मागून कुजबुज नको."

मीही विचार केला, शुभस्य शीघ्रम्. थर्मास आणला. अण्णांनी उपरणं खांद्यावरून काढलं आणि दंड पुढे केला. मी सिरिंज भरली. मंडळी पुढे सरकली. एकदोघांनी हात जोडले.

आता, कुठलंही इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर हिस्ट्री घेतो. हिस्ट्री म्हणजे पेशंटचा मागचा हिशोब: कधी काय झालं, कशाने त्रास झाला. हे विचारल्याशिवाय सुई लावायची नाही, ही माझी सवय. ती सभा बघून बदलत नाही.

"अण्णा, आज ताप आहे?"

"नाही."

"मागे कुठल्या इंजेक्शनने त्रास झाला होता?"

"नाही."

"अंडं खाऊन कधी अंगावर पित्त उठलं? ओठ सुजले, धाप लागली?"

नानाशास्त्री ताडकन उठले.

"शिव शिव शिव! डॉक्टरीणबाई, घनपाठ्याला हे विचारता? त्यांच्या घरात, आमच्यासमोर?"

"विचारावंच लागतं. ज्याला अंड्याची ॲलर्जी आहे त्याला या लशीने रिॲक्शन येऊ शकते. घसा सुजतो, बीपी पडतं. अण्णांच्या छातीला ते झेपणार नाही. अण्णा, सांगा."

अण्णा जमिनीकडे बघत होते. "खाल्लं असेल तर कळणार ना," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

खरं म्हणजे ज्याने जन्मात अंडं खाल्लं नाही त्याला ॲलर्जी असण्याचा संभव फार थोडा. हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणाला मी कदाचित टोचलंही असतं. पण लस नवी, मी ती कधी वापरलेली नाही, आणि समोर माझ्या घरातला माणूस. हात पुढे जाईना. मी सिरिंज खाली ठेवली.

"मग आज नाही."

"म्हणजे?" नानाशास्त्री ओरडले. "दुपारभर बसून आमचं शास्त्र आम्ही वाकवलं, आणि तुमचं वाकेना?"

"नाही वाकत."

सभा फणफणत उठली. जाताना मधूगुरुजी जिन्यात म्हणाला, "वहिनी, इतका घोळ पंचांगातसुद्धा नसतो." सुधीर माझ्याशी रात्रीपर्यंत बोलला नाही. मी सीनियरना फोन केला. ते म्हणाले, "शक्यता कमी आहे, पण शून्य म्हणणार नाही. हिस्ट्री मिळाली तर उत्तम. बघ." हिस्ट्री काय, झाडाला लागते? मी चिडले होते, आणि खरं सांगायचं तर घाबरलेही होते. टोचावं तर भीती, न टोचावं तर पौष समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी भरलेली. पाचसहा पेशंट झाल्यावर पडदा सरकला आणि अण्णा आत आले. घरातल्या जिन्याने नव्हे, गल्लीतून, पेशंटच्या रांगेत बसून. मी उठून उभी राहिले. त्यांनी हाताने बसायची खूण केली, मागे वळून दार लावलं, कडी घातली आणि स्टुलावर बसले.

"त्रास होत नाही," ते म्हणाले.

"कशाने?"

"त्याने."

"कुठल्या त्याने अण्णा?"

"ज्याचं नाव काल तू सभेत घेतलंस त्याने!"

मी पेन खाली ठेवलं. अण्णांनी घसा साफ केला आणि एखादं अवघड सूक्त सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. तरुणपणी ते आखाड्यात जायचे. उस्ताद म्हणायचे, पंडितजी, छाती बनवायची तर दुधात दोन कच्ची फेटून प्या. अण्णा प्यायचे.

"रोज?"

"रोज. पाठ झाल्यावर."

"किती काळ?"

"वेद संपेपर्यंत."

वेद संपायला किती वर्षं लागतात ते मला माहीत होतं. मी हसू दाबत डॉक्टरी आवाज लावला. "पित्त कधी उठलं?"

"नाही."

"ओठ सुजले?"

"एकदाच. बाबांनी पाहिलं तेव्हा."

मग मात्र मला हसू आवरलं नाही. अण्णाही हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर एकदम गंभीर झाले.

"मग काल का नाही सांगितलं?"

"सूनबाई, काल तू सभेला विचारलंस. सभेने उत्तर दिलं. काल वाटलं, जाऊ दे ती लस, मान तरी राहील. आज पहाटे पोरांना संथा देत होतो. मी पुढे म्हणायचं, त्यांनी मागून. श्वास पुरेना. पोरं थांबली नाहीत गं, पाठ होतं त्यांना. पुढे निघून गेली. मीच त्यांच्या मागून म्हणत राहिलो." त्यांनी उपरणं बाजूला केलं. "टोच."

माझे डोळे भरून आले. आपल्या माणसाचा दंड पुसताना डॉक्टरचं काही खरं नसतं. पण हात चालला. टोचलं आणि रिॲक्शन येते का बघायला त्यांना अर्धा तास आतल्या बाकावर बसवलं. काही झालं नाही. ते बाकावर बसल्या बसल्या पेंगले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्याच संध्याकाळी दवाखाना बंद करताना माकडटोपी आणि मफलर गुंडाळलेला एक माणूस आत शिरला. त्याने आपणहून कडी लावली. मफलर सुटला, आतून नानाशास्त्री निघाले.

"एका स्नेह्याबद्दल विचारायचं होतं," ते म्हणाले. "त्याला 'त्याने' त्रास होत नाही."

"स्नेह्यांना दमा आहे?"

"फार."

"स्नेही कधी खातात?"

"पूर्वी. वैद्याने सांगितलं म्हणून. हलव्यात घालून."

"बरं," मी म्हटलं. "स्नेह्यांनी सदरा काढावा."

त्यांनी काढला. इंजेक्शनला "शिव शिव" म्हणाले आणि मफलर गुंडाळून गेले.

मग रांगच लागली. एकेकटे, दिवेलागणीला, कडी लावून. मधूगुरुजीचं मुगलसराय स्टेशनवरचं ऑम्लेट. दोघा भावांचं एकमेकांच्या चोरून. कुणाचं केकमधून, 'ते असतं हे ठाऊक नव्हतं' या खात्यावर. मी नव्यांना 'हो की नाही' एवढंच विचारायला लागले, कारण ते पूर्ण कथाच सांगायचे, आणि सांगून झाल्यावर चेहरा असा हलका व्हायचा की लस टोचायच्या आधीच बरे वाटायचे. मी आणलेला साठा संपला. मिश्राजींकडून पुन्हा मागवावा लागला. "मैडम, इस मोहल्ले में?" ते म्हणाले आणि खुर्चीतच बसले.

राहता राहिलं घर. सुधीर दारात येऊन चुळबुळ करायला लागला. "अगं, बँकेच्या कँटीनमध्ये..."

"माहितीय. दंड पुढे करा."

आमच्या शाळकरी मुलीने तर विचारायच्या आधीच सांगितलं, "मम्मी, हमको कुछ नहीं होता. क्लास की पूजा के टिफिन में रोज़ रहता है." आणि माई? माई वाती वळता वळताच म्हणाल्या, "मला पण टोच हो. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांच्या पेल्यातलं उरलेलं मीच प्यायचे. नवऱ्याचं उष्टं, टाकायचं कसं?"

सगळं घर टोचून झालं आणि मग माझी पाळी आली. मी लशीची बाटली काढली, स्वतःला प्रश्न विचारला आणि थांबले. माझे वडील रेल्वेत होते, घरात कर्मठपणा नव्हता, पण मी अंडं कधी खाल्लं नव्हतं. हॉस्टेलच्या मेसमध्येसुद्धा वास सहन व्हायचा नाही म्हणून टेबल बदलायची. आख्ख्या मोहल्ल्यात हिस्ट्री नसलेली एकटी मी. सभेसमोर घनपाठ्याला नाही म्हणून आता स्वतःला कसं टोचू? लस फ्रिजमध्ये परत ठेवली. ती दुसऱ्या दिवशी कुणालातरी उपयोगी पडली.

पौषात फ्लू आला. सालाबादप्रमाणे आला. अण्णांना दोन दिवस सर्दी झाली, तेवढीच. नानाशास्त्री ठणठणीत. आडवी झाले ती मी. ताप, अंगदुखी, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. आठवडाभर दवाखाना बंद. वरच्या खोलीत रजई ओढून पडले होते आणि शेजारच्या खोलीत अण्णा घन म्हणत होते. मी तापात त्यांचे श्वास मोजायचा प्रयत्न केला. मोजता येईनात इतके लांब होते. तसं सुख मला त्या आजारपणातच मिळालं.

नानाशास्त्री बघायला आले. दाराबाहेरूनच उभे राहून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सगळ्यांना टोचलंत, मग तुम्ही का नाही घेतलीत?"

"अंड्याची हिस्ट्री नव्हती."

ते मनापासून हळहळले. "अरेरे! लहानपणी घरच्यांनी लक्ष दिलं नाही वाटतं."

यातली नावं मी बदलली आहेत. अण्णांनी स्वतःपुरती लिहायची परवानगी दिली होती. नानाशास्त्री कोण, हे गल्लीतले लोक तरीही ओळखतील. ओळखू देत, त्यांनाही मीच टोचलेलं आहे.

तेव्हापासून नवी लस आली की मी घरापासूनच सुरुवात करते. फायदा-तोटा कागदावर वाचते आणि पेशंटला सगळं सांगते, न आवडणारंसुद्धा. फक्त हिस्ट्री चारचौघांत घेत नाही. माणूस सभेत शास्त्र सांगतो. खरं ऐकायचं असेल तर नातेवाइकांना बाहेर बसवावं आणि कडी लावावी.